स्वेटरच्या खिशातली पुडी

१९ जानेवारी

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पोचल्या पोचल्या लिही म्हणाली होतीस. पोचून तेरा दिवस झाले. त्यातले पहिले सहा मी झोपेत काढले. उठायचो, पुढ्यात येईल ते खायचो आणि पुन्हा आडवा. शेजारच्या खाटेवर एक वेल्डर आहे, तो सांगतो की त्याने दोनदा माझ्या नाकाशी बोट धरून श्वास चाललाय का ते पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षांची झोप साठली आहे, तिला अडवू नका.

फोन इथे केंद्रात आल्याबरोबर काढून घेतात, नव्वद दिवसांनी देतात. पत्रं मात्र हवी तितकी लिहा. सातवीनंतर मी पेन धरलं ते तंबूच्या गठ्ठ्यांवर आकडे घालायला, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घे.

तू विचारलं होतंस की हे गोळ्यांचं सुरू कसं झालं, आणि मी तेव्हा टाळलं होतं. आता सांगतो. आमची खेळवाल्यांची कंपनी आज इथला तंबू उतरवणार, उद्या दुसऱ्या गावी उभा करणार. मुकादम चहाबरोबर एक गोळी द्यायचा. आम्ही तिला बॅटरी म्हणायचो. पहिल्या दिवशी मी एकट्याने अकरा खांब उभे केले आणि वर सगळ्यांना गाणी म्हणून दाखवली. गाण्यावरून आठवलं, वेल्डर झोपेत गातो, पण शब्द सगळे वेल्डिंगचे. असो. तर आधी एक गोळी, मग दोन, मग काम नसतानाही. भूक गेली, दात आपोआप चावले जायचे, कातडीखाली मुंग्या फिरतात असं वाटायचं. तुझी वाफेची इस्त्री मी उघडली ना, ती खरंच दुरुस्त करायला उघडली होती. सगळे स्क्रू उंचीप्रमाणे रांगेत लावले आणि त्या रांगेकडेच दुपारभर बघत बसलो. इस्त्री चांगली चालत होती हे मला नंतर कळलं.

दारूवाल्यांना इथे औषध आहे, अफूवाल्यांनाही आहे. आम्हा बॅटरीवाल्यांना तसं काही नाही. झोप, जेवण, बोलणं आणि एक काचेचं भांडं. भांड्याचं पुढच्या पत्रात सांगतो, जेवणाची घंटा झाली.

भावोजींना नमस्कार. पिटुकलीला पापा, ती घेत असेल तर. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
भिंगरी

*

२७ जानेवारी

चि. भिंगरीस,
ताईचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. इस्त्रीच्या ओळीला हे इतके हसले की हातातली कॉलर जळता जळता वाचली. इस्त्री आता ठीक आहे, फक्त दोन स्क्रू उरलेत. ते कुठले हे कारागिरालाही सांगता आलं नाही.

बॉयलरच्या वरची खोली रिकामी करायला घेतली आहे. तिथे आठ वर्षांचे न नेलेले कपडे होते. लोक धुवायला टाकतात आणि विसरतात, त्यात एक अख्खा सूट आहे, तुला खांद्यात बसेल. खोली उबदार आहे. दुकानात हाताखाली माणूस हवाच आहे, घरपोच कपडे द्यायला तुझ्या पायांइतके चांगले पाय कुठे मिळणार.

पण एक गोष्ट आत्ताच सांगते, नंतर कटकट नको. तू पिटुकलीला बस दाखवायला स्थानकावर नेलंस, बाकावर बसवलंस आणि विसरून निघून गेलास. तिकीटवाल्या बाईने तिला दुकानात आणून सोडलं तेव्हा ती रडत नव्हती. मामा येतो म्हणाला होता, एवढंच म्हणत होती. ते न रडणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून सांगते, तिथे तुमच्या लघवीच्या चाचण्या होतात आणि चूक निघाली की पालकाला कार्ड येतं. पालक म्हणून माझं नाव आहे. तसं एक जरी कार्ड आलं तरी खोली नाही. तू माझा भाऊ राहशील, पण बाहेर राहशील.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझी
ताई

*

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

बाकाबद्दल मला लिहिता येत नाही. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. तुझी अट बरोबर आहे. एवढंच.

आता भांडं. हे वरणाचं घमेलं असतं तेवढं मोठं, पण काचेचं, आणि त्यात पाचशे चिठ्ठ्या. आठवड्यात दोनदा चाचणी. स्वच्छ निघाली की एक चिठ्ठी काढायची. लागोपाठ दुसरी स्वच्छ निघाली की दोन, मग तीन, असं चढत जायचं. एकदा चुकलं की परत एकवर. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं शाब्बास असतं. बाकीच्यांवर साबण, मोजे, कंगवा, आणि अगदी थोड्यांवर मोठी वस्तू. वेल्डरला रेडिओ लागला. तो रेडिओ त्याने उघडून पाहिला, आतून काय निघालं सांगू का, नको, ते लांबेल.

पहिल्यांदा मला हा पोरखेळ वाटला. घोड्याएवढा मी, आणि साबणासाठी बाटलीत लघवी करतोय. मी तसं डॉक्टरीणबाईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या की त्या गोळ्यांनी डोक्यातला आनंदाचा हौद मी तळापर्यंत उपसलाय, तो भरायला महिने लागतात, आणि तोवर चमच्याचमच्याने ओतायचं. खरं आहे गं. कशातच गोडी नाही. सकाळी ऊन पडतं, माणसं त्यात उभी राहून सुखावतात, मला ते ऊन नुसतं पिवळं दिसतं. पण काल आठवी स्वच्छ चाचणी झाली, आठ चिठ्ठ्या काढल्या, चार शाब्बास निघाले, आणि एकावर रंगीत खडूंची पेटी. ती पिटुकलीसाठी ठेवली. खडू हातात घेतले तेव्हा पोटात काहीतरी हललं. भूक असेल म्हणून जेवलो, तर ती भूक नव्हती.

इथे थंडी आहे. मला सर्दी झाली आहे, शिंका इतक्या की वेल्डर त्या मोजतो आणि सगळ्यांना जाहीर करतो. काळजीचं काही नाही.

आपल्या मामाला माझं पत्र मिळालं का विचार. भावोजींना नमस्कार. आठवण काढत राहा, मला उचक्या लागतात त्या चालतील.

तुझा
भिंगरी

*

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सोबत स्वेटर पाठवते आहे. न नेलेल्यांतला आहे, पण दोनदा धुतलाय, कोपर मी विणून घेतलंय. उजवा खिसा बघ. गिऱ्हाइकांच्या खिशात काही निघालं की आपण नंबरच्या कागदात पुडी करून कपड्याला टाचतो ना, तशी पुडी केली आहे. त्यात सर्दीच्या गोळ्या आहेत, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडच्या, पिटुकलीच्या बापाला नाक वाहिलं की मी त्याच देते. सकाळ-संध्याकाळ एक. तिथे बाहेरचं काही आलं तर कार्यालयात काढून घेतात म्हणे. साध्या सर्दीच्या गोळीसाठी कुठे त्यांच्या दारात उभा राहतोस, म्हणून खिशात ठेवली. खिसे तपासा म्हणून आयुष्यभर लोकांवर खेकसणारी मी, आता तूच तपास.

आठ चिठ्ठ्यांचं वाचून पिटुकलीने विचारलं की मामा शाळेत आहे का. मी हो म्हटलं.

खोलीला रंग दिला. फिका निळा. तुला आवडला नाही तरी आवडला म्हण.

तुझी
ताई

*

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच. आज कार्ड आलं. चाचणी सदोष, उत्तेजक आढळले, असं छापलं आहे आणि खाली तारीख शाईने घातली आहे. मी ते तीनदा वाचलं, मग हे आले आणि त्यांनी वाचलं.

मला कारण नको. मागे तू सांगितलेली सगळी कारणं माझ्याकडे आहेत, एकाहून एक चांगली. बस्तान बसेल तिथे राहा. पत्र लिहीत जा, उत्तर देईन. खोलीत आम्ही कपाटं हलवून घेतोय.

तुझी
ताई

*

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बरोबर केलंस. मी घेतलं नाही असं म्हणायचा माझा हक्क मी मागच्या दोन वर्षांत वापरून संपवलाय, तेव्हा म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलाय, पण तोवर नियम तो नियम. तेरा चिठ्ठ्यांच्या ऐवजी पुन्हा एक. ती काढली, शाब्बास निघालं. वेल्डर इतका हसला की त्याला ठसका लागला, मग मलाही हसू आलं.

स्वेटर छान बसतो. कोपर तू विणलंस ते बाकीच्या स्वेटरपेक्षा मजबूत झालंय, म्हणजे आता कोपर तेवढं उरेल. सर्दी गेली.

सुटल्यावरचं बघतो आहे. खालच्या रस्त्याला एक सुतार आहे, त्याला रंधा मारायला माणूस हवाय आणि झोपायला मागे फळ्यांची खोली देतो. फळ्यांचा वास चांगला असतो. आमच्या तंबूत एक सुतार होता, त्याचं नाक गेलं होतं पण लाकूड कुठलं ते जिभेने सांगायचा, त्याची गोष्ट कधीतरी.

निळा रंग मला आवडला असता. खरंच म्हणतोय. पिटुकलीला काही सांगू नकोस. मनात थोडी जागा असू दे.

तुझा
भिंगरी

*

८ मार्च

चि. मोठीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

कार्ड आल्यावर तू मला तिकडे फिरकू नका म्हणाली होतीस, तरी मी रविवारी जाऊन आलो. म्हातारा माणूस, ऐकतो थोडाच. आता जे सांगतो ते बसून वाच. हातात गरम इस्त्री असेल तर आधी ठेव.

पोराने काही घेतलेलं नाही. मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आहे. लघवीत जे सापडलं ते सर्दीच्या गोळीतलं. नाक मोकळं करणारं औषध त्या बॅटरीचं लांबचं भावंड असतं म्हणे, आणि साध्या चाचणीला दोघांचा चेहरा सारखाच दिसतो. नर्सबाईंनी मला त्याच्या फायलीत टाचलेली पुडी दाखवली. तुझ्या दुकानाचा नंबराचा कागद मी ओळखणार नाही असं होईल का.

हे त्या गोळ्यांमुळे झालं असणार ते त्याला कार्ड निघालं त्याच दिवशी कळलं होतं. त्याने नर्सबाईंना सगळं खरं सांगितलं, पुडी आणून दिली, आणि एवढंच मागितलं की गोळ्या कुणी पाठवल्या ते तुला कळवू नका. मी त्याला झापलं. तर म्हणाला, ताईच्या हातून झालं हे तिला कळलं तर ती वर्षभर स्वतःलाच इस्त्री करत बसेल. मला शपथ घालत होता. मी शपथ घेतली नाही, म्हणून लिहितो आहे.

आणखी एक, जे मी तुझ्या आईलाही कधी बोललो नाही. मी लांबचे ट्रक चालवायचो तेव्हा ह्या गोळ्या चोरून मिळत नव्हत्या. डेपोत कारकुनाच्या टेबलावर बरणी असायची, मालाच्या कागदांबरोबर तो दोन गोळ्या हातावर ठेवायचा. त्या काळी बायका बारीक व्हायला घ्यायच्या, पोरं परीक्षेला घ्यायची, लढाईत वैमानिकांना खुद्द सरकारं वाटायची. औषधच समजत सगळे. मी चार वर्षं घेतली. मग एक दिवस भर दुपारी मी गाडी थांबवून आगगाडी जाण्याची वाट बघत बसलो. तास झाला, मागे गाड्यांची रांग लागली, एक जण शिव्या देत पुढे आला आणि त्याने विचारलं की इथे रूळ आहेत कुठे. रूळ नव्हतेच. मी त्या दिवशी चावी डेपोत टाकली. पुढे चार महिने तुझ्या मामीने मला पोरासारखं भरवलं, आणि बाहेर सांगितलं की कावीळ झाली आहे.

पण लहानपणी ह्या पोराला मांडीवर घेऊन मी काय सांगितलं, तर तुझा मामा तीन-तीन दिवस न झोपता ट्रक हाणायचा. रुळांचं सांगितलं नाही. रविवारी सांगितलं. तो हसला नाही, माझा हात धरून बसला.

तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मी असतो तर कार्ड वाचून तेच केलं असतं. पुढचं तू ठरव.

तुझा
मामा

*

११ मार्च

चि. भिंगरीस,
ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

मामाचं पत्र आलं. मी दुकान बंद केलं, अकरा वाजता, कामाच्या दिवशी. गिऱ्हाइकं काचेतून बघत होती.

पहिल्यांदा तुझाच राग आला. मूर्खा, एक ओळ लिहायची होतीस. मग स्वतःचा आला, तो अजून आहे. कार्यालयात दाखवू नकोस असं मीच लिहिलं. माझ्या एका पुडीने तुझ्या तेरा चिठ्ठ्या गेल्या आणि वर मी तुला घराबाहेर काढलं. मी तुला कारण नको म्हणाले तेव्हा कारण माझ्याच हातचं होतं.

कपाटं पुन्हा हलवली. ह्यांची पाठ धरली आहे. खोली तुझी आहे. अट मी मागे घेते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सोडतात ना, तारीख कळव. सुताराला नाही म्हणून सांग.

मला माफ कर असं लहान भावाला लिहायची रीत नाही, तरी लिहिलं.

तुझी
ताई

*

१५ मार्च

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं, वेल्डरने दोन वेळा, मी नको म्हणत असताना. तो म्हणतो, अशी बहीण असती तर त्याने आणखी दोन व्यसनं केली असती. त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस.

माफीबिफी राहू दे. पण मामाने तुला सगळं सांगितलं नाही, कारण त्याला सगळं माहीत नाही. मी सांगतो. आधी बसून घे.

तुझं चोवीस तारखेचं पत्र आलं त्या दुपारी माझा बाहेर जायचा पास होता. बाजारात जायचं सोडून मी मालधक्क्याच्या मागे गेलो. आमच्या कंपनीतला एक जण तिथे बसतो हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, पाय आपणहून गेले. त्याने ओळखलं आणि गोळी तळहातावर ठेवली, जुन्या ओळखीखातर. मी ती मुठीत घेऊन चालत राहिलो. मला वाटत होतं, कार्ड तर आलंच आहे, मग ते खरं का नको करू. हे विचार किती सोपे येतात तुला सांगून कळणार नाही. डोक्यात कुणी दिवाणखाना मांडल्यासारखे येऊन बसतात.

मग मी ती घेतली नाही. का, ते ऐकून तू रागावशील. तुझा चेहरा आठवला, पिटुकली आठवली, असं काही झालं नाही. तसं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल. मला एवढंच आठवलं की परवा चाचणी आहे, आणि ती चुकली तर एक चिठ्ठी राहील, स्वच्छ निघाली तर दोन. मला दोन काढायच्या होत्या. घोड्याएवढा मी. गोळी घामाने विरघळून हाताला लागली होती, मी सार्वजनिक नळावर तीनदा हात धुतला आणि नर्सबाईंकडे जाऊन सांगून टाकलं. त्या म्हणाल्या की कारण छोटं असलं तरी चालतं, पुरलं म्हणजे झालं.

म्हणजे बघ, ते कार्ड आलं तेव्हा चुकीचं होतं, आणि तुझं पत्र मला मिळालं त्या दुपारी ते बरोबर ठरता ठरता राहिलं. असं पुढेही होईल. डॉक्टरीणबाई सांगतात की वर्षभर कधीही हाक येऊ शकते, कुठला वास, कुठलं गाणं, काहीही. तू अट मागे घेतलीस, पण मला वाटतं अट हवी. फक्त ती एक-कार्ड-आणि-बाहेरवाली नको. ती असली तर ज्या दिवशी माझा पाय घसरेल त्या दिवशी मी पहिली गोष्ट करीन ती लपवायची. मला लपवता फार छान येतं, तुला माहीत आहे. ज्या खोलीसाठी खोटं बोलावं लागेल त्या खोलीत मला झोप लागायची नाही, आणि झोप मला आता लागते गं, इतकी गोड लागते.

तेव्हा कार्ड तुझ्या हातात पडायच्या आत मी तुला तोंडाने सांगायचं, अशी अट घालतेस का बघ. भावोजींना विचार, दोन दिवस घे. नाही जमणार म्हणालीस तर सुतार आहेच, आणि मी दर रविवारी कपडे धुवायला टाकायच्या निमित्ताने येईन. पिटुकलीला पुन्हा एकटं घेऊन जायचं मी स्वतःच काढणार नाही.

उत्तराची वाट बघतो. नेहमीची माया नको, या वेळी जरा पारखून दे.

तुझा
भिंगरी

*

१९ मार्च

चि. भिंगरीस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना दिलं, त्यांनी आतल्या खोलीत जाऊन वाचलं. बाहेर आले आणि म्हणाले की हा पहिल्यांदा आपल्याशी खरं बोलला आहे, आणि बॉयलरला कोळसा घालायला निघून गेले. बॉयलर गॅसवर चालतो, तुला माहीत आहेच.

मला भीती वाटते. हे मी तुला सांगून ठेवते, कारण आता सांगायचंच ठरलं आहे. तू दारातून आत आल्यावरही वाटेल, आणि तू उशिरा आलास की मी रस्त्यावर येऊन उभी राहीन. ते तू सहन करायचं. बाजाराजवळच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा चाचणी, मी विचारून आले आहे. पिटुकली वर्षभर तुझ्याबरोबर एकटी कुठे जाणार नाही, दुकानाच्या पायरीपर्यंतही नाही. सर्दी झाली तर शिंकत बस.

बाकी तू म्हणतोस तसं. गोळी हातात आली तर येऊन सांग. तोंडात गेली तरी येऊन सांग. मी ओरडेन, खूप ओरडेन, शेजारपाजार गोळा होईल. ओरडून झालं की पान वाढीन आणि तू जेवशील. मग आपण डॉक्टरीणबाईंना फोन करू.

पारखून दिली आहे. ये.

तुझी
ताई